हात थरथरतो म्हणजे पार्किन्सनच का? सुरुवातीच्या खुणा आणि तसेच दिसणारे दुसरे आजार: नेहमी येणारे प्रश्न

हे सगळे लोकांनी खरंच विचारलेले प्रश्न आहेत, काही तर आठवड्याला एकदा तरी येतातच, म्हणून एका जागी लिहून ठेवलेत. मी डॉक्टर नाही, घरात हा आजार बरीच वर्षं बघितलेली आणि पेशंटच्या घरच्यांशी सतत बोलणारी बाई आहे. त्यामुळे इथे वाचून स्वतःच निदान करू नका, कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं आणि डॉक्टरला काय सांगायचं एवढ्यासाठी वापरा.

१. पार्किन्सनमध्ये नक्की बिघडतं काय?

मेंदूत खोलवर एक छोटा काळसर भाग असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि हालचाल सुरळीत, आपोआप होण्यासाठी ते लागतं. या पेशी हळूहळू मरत जातात. का मरतात ते बहुतेकांच्या बाबतीत सांगता येत नाही, वय हा सगळ्यात मोठा धोका, थोड्या लोकांत जनुकांचा भाग असतो. त्रास दिसायला लागेपर्यंत या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, म्हणजे ज्याला आपण 'आत्ताच सुरू झालं' म्हणतो ते आतून बरीच वर्षं चालू असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार होता, म्हणजे दुर्मिळ बिर्मिळ काही नाही.

२. बाबांचा हात थरथरतो. पार्किन्सनच असणार ना?

आधी एक सांगा, थरथरतो कधी? बाबा टीव्ही बघत बसलेत, हात मांडीवर नुसता पडलाय आणि अंगठा नि बोटं जपमाळ ओढल्यासारखी हलतायत, आणि कप उचलायला हात पुढे केला की थरथर थांबते किंवा कमी होते, असं असेल तर पार्किन्सनचा संशय घ्यायचा. बहुतेक वेळा एकाच हाताला सुरू होतं, दुसऱ्या बाजूला यायला महिने किंवा वर्षं जातात.

उलट हात मांडीवर असताना शांत आहे पण चहाचा कप तोंडाशी नेताना बशीत सांडतो, सही करताना अक्षर वेडंवाकडं होतं, दोन्ही हातांना आहे, कधी मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलते किंवा आवाज कापतो, तर तो बहुतेक वेळा एसेन्शियल ट्रेमर नावाचा वेगळा प्रकार असतो. तो पार्किन्सनपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो, 'आमच्या आजोबांचा पण हात असाच हलायचा' हे वाक्य आलं की मला निम्मं उत्तर मिळतं. (दोन घोट घेतले की थरथर कमी होते असं काही काका मला दबक्या आवाजात सांगतात. ते खरं आहे, पण तो उपाय नाही, त्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या आहेत, दमा असलेल्यांना ती चालत नाही म्हणून डॉक्टरला विचारूनच.)

शिवाय थायरॉइड वाढलेलं असेल, दम्याचा पंप जास्त घेतला जात असेल, फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल, तरी हात कापतात. थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यायला काहीच जात नाही.

आता यातला अपवाद. पार्किन्सनवाल्याने पेपर हातात धरला तर पहिले काही सेकंद हात स्थिर राहतो आणि मग परत थरथर सुरू होते. म्हणून 'काम करताना पण हलतो, म्हणजे पार्किन्सन नाहीच' असा निकाल घरी लावू नका.

३. आईचा हात अजिबात थरथरत नाही, तरी न्यूरोलॉजिस्ट पार्किन्सन म्हणतायत. चुकलेत का?

चुकले असतीलच असं नाही. बऱ्याच पेशंटना सुरुवातीला थरथर नसतेच, काहींना कधीच येत नाही. निदानासाठी जी गोष्ट असावीच लागते ती म्हणजे हालचाल मंदावणं, आणि तिच्या जोडीला थरथर किंवा अंग कडक होणं यापैकी एक तरी. डॉक्टर बोटं टकटक करायला लावतात ना, अंगठ्यावर पहिलं बोट पटापट आपटा म्हणून, त्यात ते ताकद बघत नसतात. पहिल्या चारपाच वेळा बोट मोठं उघडतं आणि मग उघडणं लहान लहान होत जातं, अडखळतं, ते बघतात. थरथरीची वाट बघत बसल्यामुळेच अशा लोकांचं निदान सगळ्यात उशिरा होतं, त्यात बायका जास्त, कारण 'कामं उरकत नाहीत' ही तक्रार घरात कोणी मनावर घेत नाही.

४. मग घरच्यांना सगळ्यात आधी काय दिसतं?

डॉक्टरच्या खोलीत पाच मिनिटांत दिसत नाही ते घरात दिसतं, फक्त बघायची नजर पाहिजे. चालताना एक हात झुलत नाही, कोपरात किंचित वाकून अंगालाच चिकटून राहतो, दुसरा मात्र नीट झुलतो. जुन्या लग्नाच्या व्हिडिओत आणि आत्ताच्या व्हिडिओत हा फरक चटकन कळतो. एका पायातली चप्पल सारखी निसटते, किंवा एकच पाय फरशीवर घासत येतो आणि त्याच चपलेची टाच झिजते.

हाताची कामं बघा. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, त्यातही वरचं बटण आणि कफचं. निऱ्या नीट बसत नाहीत. पोळी लाटताना एक हात मागे पडतो म्हणून पोळी एका बाजूला जाड राहते, दात घासताना ब्रश मधेच थांबतो, आमटीभात कालवायला नको वाटतं म्हणून चमचा मागतात. अंथरुणात कूस बदलताना त्रास होतो, गादी धरून वळावं लागतं.

अक्षर. हे फार बोलकं असतं. ओळ सुरू होते ठीकठाक आणि शेवटाला मुंगीएवढी होते. किती घरांत पहिली घंटा बँकेनं वाजवली आहे, सही जुळत नाही म्हणून चेक परत. वयामुळे झालं असेल म्हणून नवीन सही देऊन टाकतात आणि विषय संपतो. जुन्या पासबुकावरची, दहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरची सही काढून शेजारी ठेवून बघा.

चेहरा आणि आवाज. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, पापण्या कमी मिटतात, नातवंडं विचारतात आजोबा रागावलेत का. फोनवर सगळे 'मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही' म्हणायला लागतात आणि पेशंटला वाटतं की ह्यांनाच ऐकू कमी येतंय.

यातली एखादी गोष्ट असली म्हणून काही होत नाही. दोनतीन एकत्र, एकाच बाजूला जास्त, आणि सहा महिन्यांपूर्वीपेक्षा वाढलेली, असं असेल तर दाखवून घ्या.

५. पण हे तर म्हातारपणच की! सत्तरीला माणूस हळू होणारच.

होणार. पण म्हातारपण एक बाजू निवडत नाही. गुडघे दुखतात म्हणून हळू चालणारा माणूस बसल्या जागी भाजी नेहमीच्याच वेगानं निवडतो, बोलण्यात हातवारे करतो, विनोदाला हसतो. पार्किन्सनमध्ये हे सगळंच मंद होतं.

६. मला वास येत नाही, बद्धकोष्ठ आहे, झोपेत ओरडतो. मला पुढे पार्किन्सन होणार का?

हे वाचून झोप उडालेले खूप जण मेसेज करतात, म्हणून सावकाश लिहिते. तिन्ही गोष्टी हालचालीच्या त्रासाआधी कित्येक वर्षं दिसू शकतात हे खरं आहे. पण त्यांचं वजन सारखं नाही.

बद्धकोष्ठ अर्ध्या गावाला असतं, त्यावरून काहीच ठरत नाही. वास जाण्याचं कारण सर्दी, सायनस, नाकातलं हाड, तंबाखू, कोविड काहीही असू शकतं. यातलं काहीच नसताना हळूहळू वास गेला असेल, दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारच्या खोलीत पत्ता नाही, फोडणीचा वास येत नाही म्हणून जेवण बेचव लागतं, तर नोंद करून ठेवा.

झोपेचं मात्र मनावर घ्या. स्वप्न बघताना आपलं शरीर एरवी सैल पडलेलं असतं. काही लोकांत ते सैल पडणं बंद होतं आणि ते स्वप्नातली मारामारी खरोखर करतात, शेजारी झोपलेल्या बायकोला गुद्दे बसतात, पलंगावरून पडतात, आणि उठवलं तर सांगतात की कुत्रं मागे लागलं होतं. बहुतेक वेळा हे पहाटेच्या बाजूला होतं. अशा लोकांपैकी बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी (प्रश्न १० बघा) एखादा आजार होतो. पण डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी हेच होतं आणि घोरून श्वास अडकणाऱ्यांतही असंच दिसतं, म्हणून एक रात्र झोपेची तपासणी करून खात्री करतात. तोपर्यंत पलंगाशेजारचं टोकदार टेबल हलवा.

होणार की नाही हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि आजार थांबवणारं सिद्ध झालेलं औषध पण अजून नाही. व्यायाम चालू ठेवा, दर वर्षी एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, बाकी आयुष्य जगा.

७. उजवा खांदा आखडलाय, फिजिओ करून पण सुटत नाही. याचा काही संबंध?

असू शकतो. खांदा आखडणं ही पार्किन्सनची सुरुवात असल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आधी हाडांच्या डॉक्टरकडे वर्ष जातं. शुगर असेल तर नुसताच फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता जास्त. त्याच हाताचं अक्षर आणि झुलणं तपासा, प्रश्न ४ प्रमाणे.

८. औषधांमुळे पार्किन्सन होतो हे खरं का? कुठली औषधं?

खरं आहे, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे, कारण इथे आजार परतवता येतो. डोपामिनचा रस्ता अडवणारी औषधं घेतली की हुबेहूब पार्किन्सनसारखं होतं, चेहरा कोरा, चाल लहान, अंग कडक, कधी थरथर पण. लोकांना वाटतं वेडावरच्या गोळ्यांनीच होतं. त्यांनी होतंच (हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन वगैरे), पण आपल्याकडे खरा घोळ साध्या गोळ्यांचा आहे.

पहिला नंबर पोटाच्या गोळीचा. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोल, राबेप्राझोलबरोबर लिवोसल्पिराइड मिसळलेली कॅप्सूल मिळते, नावाच्या शेवटी बऱ्याचदा नुसतं 'एल' असतं. डॉक्टरनं पंधरा दिवस लिहून दिलेली असते आणि आजी तीन वर्षं सकाळी उठल्या उठल्या घेतात, मेडिकलवाला पण देत राहतो. दुसरी चक्करची गोळी, सिनारिझिन, फ्लुनारिझिन (ही मायग्रेनला पण देतात), प्रोक्लोरपेराझिन म्हणजे आपली स्टेमेटिल. तिसरी उलटीची, मेटोक्लोप्रमाइड. डॉमपेरिडोन मेंदूत फारसं पोचत नाही म्हणून त्याचा हा त्रास सहसा नसतो.

तर घरातला औषधांचा डबा टेबलावर उपडा करा, प्रत्येक पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव फोनवर फोटो काढून मोठं करून वाचा आणि डॉक्टरला दाखवा. 'आणखी काही औषध चालू आहे का' याला आजी 'काही नाही' म्हणतात कारण पोटाची गोळी त्यांच्या हिशेबात औषधच नसते!

मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, काही झालं तरी. ज्यांनी दिली त्यांच्याशी बोला, बदलून मिळते.

९. पोटाची ती गोळी बंद केली, महिना झाला, तरी फरक नाही. मग खरा पार्किन्सनच?

एवढ्यात नाही. उतरायला आठवडे नाही, महिने लागतात, सहा महिने तरी धरा, वयस्कर माणसाला जास्त. पण काहींच्या बाबतीत गोळीनं फक्त आत चालू असलेला आजार वर आणलेला असतो, तेव्हा गोळी सुटूनही त्रास राहतो किंवा वाढतो. दोन्हीतला फरक बघायला एक खास स्कॅन आहे, प्रश्न १३ मध्ये लिहिलंय.

१०. डॉक्टर 'पार्किन्सन प्लस' म्हणाले. म्हणजे जास्त झालेला पार्किन्सन?

नाही, हे वेगळेच आजार आहेत, सुरुवातीला पार्किन्सनसारखे दिसतात पण वेगानं पुढे जातात आणि पार्किन्सनच्या गोळीला फारशी दाद देत नाहीत. नावं अवघड आहेत, खुणा लक्षात ठेवा.

पहिल्याच वर्षात सारखं पडणं, त्यातही मागच्या मागे, आणि नजर खाली न वळणं. जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातलं दिसत नाही म्हणून शर्टावर सांडतं, घरचे चष्म्याचा नंबर तीनदा बदलतात. हा पीएसपी. मला यात जास्त वाईट याचं वाटतं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळं 'नॉर्मल' येत राहतं.

उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरून डोळ्यापुढे अंधारी, लघवीवर ताबा नाही किंवा अडकते, पुरुषांत लैंगिक दुर्बलता आधीपासून, हे एमएसएकडे बोट दाखवतं. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी एकदा मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लिहून न्या. (पार्किन्सनमध्ये आणि बीपीच्या गोळ्यांनी पण उतरतो, म्हणून आकडा डॉक्टरला द्या, निष्कर्ष नको.)

तिसरा ल्युई बॉडी डिमेन्शिया. विसरणं आणि मंदपणा साधारण एकाच सुमारास येतात, आज एकदम नीट बोलतात नि उद्या हरवल्यासारखे, आणि खोलीत लहान मुलं बसलीत, मांजर फिरतंय असं स्पष्ट दिसतं. भूतबाधा म्हणून अंगारेधुपारे होतात. इथे एक धोका आहे, असा पेशंट रात्री गडबड करतो म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं इंजेक्शन दिलं तर अंग एकदम लाकडासारखं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. संशय असेल तर कॅज्युअल्टीत स्वतःहून सांगा.

११. बाबांचे हात चांगले चालतात, पाय मात्र जमिनीला चिकटल्यासारखे. लघवी पण होऊन जाते.

कमरेच्या वर ठीक आणि खालीच त्रास असेल तर दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे बीपी-शुगरवाल्यांत मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत गेल्यामुळे येणारी चाल. दुसरी, मेंदूतल्या पोकळीत पाणी साठणं, त्यात चाल, लघवी आणि स्मरणशक्ती तिन्ही बिघडतात. हे ओळखायला हवंच, कारण पाठीतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का बघतात आणि सुधारली तर शंट नावाची नळी बसवून पेशंट खरोखर परत चालायला लागल्याची उदाहरणं आहेत. मेंदूच्या स्कॅनमध्ये याचा अंदाज येतो.

१२. माझं वय ३४. मला कसा होईल?

होऊ शकतो, मायकल जे. फॉक्स या अभिनेत्याला २९ व्या वर्षी निदान झालं होतं. तरुणांत सुरुवात बऱ्याचदा पायाची बोटं आपोआप वाकून पेटका आल्यासारखी होण्यानं होते, सकाळी उठल्यावर किंवा धावल्यावर.

पण असा त्रास असलेल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाची विल्सन आजाराची तपासणी व्हायलाच पाहिजे. यात शरीरात तांबं साठतं, लिव्हर आणि मेंदूत. हात पंख फडफडल्यासारखे हलतात, बोलणं जड होतं, कॉलेजातल्या मुलाचे मार्क अचानक घसरतात, आधी कधी कावीळ होऊन गेलेली असते. आईवडील नात्यातले असतील, मामाच्या मुलीशी लग्न वगैरे, तर शक्यता वाढते. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यातल्या तांब्याच्या कड्याची तपासणी, एवढ्यावर बरंच कळतं. औषध जन्मभर घ्यावं लागतं पण औषध आहे, म्हणून हे चुकवून चालत नाही. भावंडांची पण तपासणी करा, त्रास नसला तरी.

१३. एमआरआय नॉर्मल आला. म्हणजे सुटलो?

नाही हो. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, तो दुसरं काही नाही ना हे बघायला काढतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांतही पार्किन्सन दिसत नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनमध्ये सहा माणसांवरून हा आजार लिहिला, त्यातले काही तर त्यांना रस्त्यात चालताना दिसलेले, आणि आजही निदान मुख्यतः बघूनच होतं.

ट्रोडॅट किंवा डॅट स्कॅन नावाची तपासणी मोठ्या शहरांत होते. ती एसेन्शियल ट्रेमर आणि औषधांमुळे झालेल्या त्रासात नॉर्मल येते, पार्किन्सनमध्ये बिघडलेली. पण प्लस आजारांतही बिघडलेलीच येते, त्यामुळे पार्किन्सन की पीएसपी हे त्यावरून सुटत नाही. सगळ्यांना लागत नाही, डॉक्टर खरंच अडले असतील तरच.

१४. शेजारच्या काकांची पार्किन्सनची गोळी, सिंडोपा, देऊन बघू का? किंवा कवचबीजाचं चूर्ण?

दोन्ही नको. गोळीला प्रतिसाद येतो का हे निदानाचा भागच आहे, पण पुरेसा डोस पुरेसे आठवडे देऊन डॉक्टर ते ठरवतात, दोन गोळ्यांनी काही कळत नाही, नुसती मळमळ होते. थरथर कमी झाली नाही म्हणून गोळी फुकट असंही नाही, कडकपणा आणि मंदपणा आधी सुधारतो. आणि खाजकुइलीच्या म्हणजे कवचबीजाच्या बियांत सिंडोपातलंच लिवोडोपा हे औषध नैसर्गिकरीत्या असतं, म्हणून गुण येतो हे खरं, पण किती पोटात जातंय ते कळत नाही आणि गोळीवर चूर्ण घेतलं तर डोस डबल. घेत असाल तर डॉक्टरपासून लपवू नका, एवढंच.

१५. मी अमेरिकेत, आईबाबा साताऱ्यात. इथून कसं ओळखू?

रोजच्या व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो आणि बदल इतका हळू असतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही, वर्षानं घरी आलेल्याला दारातच कळतं. कोणाला तरी फोन आडवा धरून शूट करायला सांगा: खुर्चीतून हात न टेकता उठणं, दहाबारा पावलं जाऊन वळून येणं, मांडीवर हात ठेवून शंभरातून सात सात वजा करत बसणं (मन गुंतलं की लपलेली थरथर वर येते), दोन्ही हातांनी आळीपाळीनं बोटं टकटक, आणि कोऱ्या कागदावर चार ओळी मराठीत लिहिणं. झोपेतला प्रकार असेल तर रात्रीचा पण. डॉक्टरकडे गेल्यावर पेशंट कधीकधी एकदम शहाण्यासारखा चालतो, तेव्हा हा व्हिडिओ कामाला येतो.

१६. वेल्डिंग किंवा फवारणीच्या कामामुळे होतो का?

पॅराक्वाटसारख्या तणनाशकांशी संबंध दिसलेला आहे, पण एका माणसाकडे बोट दाखवून 'फवारणीमुळेच' म्हणता येत नाही. मँगनीजचा धूर किंवा धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर पार्किन्सनसारखाच पण वेगळा आजार होतो, त्यात थरथर कमी आणि चाल जास्त बिघडते. भंडारा-नागपूरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, तिथे किंवा वेल्डिंगला काम केलेलं असेल तर डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा.

१७. बाबा डॉक्टरकडे यायलाच तयार नाहीत.

'पार्किन्सन' हा शब्द घरात उच्चारू नका. ज्या गोष्टीचा त्यांनाच कंटाळा आलाय ती धरा, खांदा, झोप, बद्धकोष्ठ, सही, आणि तेवढ्यासाठी चला म्हणा. फॅमिली डॉक्टरना आधी फोन करून सगळं सांगून ठेवलं तर ते तपासताना पुढे पाठवतात. आणि एकदा न्यूरोलॉजिस्टकडे गेलात की पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्सची सोसायटी आहे, तिथे दुसरे पेशंट भेटले की बाबांसारखी माणसं लेकरांपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

१८. काल संध्याकाळपर्यंत ठीक होते, आज सकाळी एक हात उचलत नाही. पार्किन्सनची सुरुवात?

हे वाचत बसू नका. पार्किन्सन एका रात्रीत येत नाही. अचानक एक बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं म्हणजे लकवा धरायचा आणि १०८ ला फोन करून, स्कॅनची सोय आहे अशा हॉस्पिटलला लगेच निघायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ती वेळ पेशंट शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात, म्हणून काल रात्री किती वाजता नीट बोलले होते ते आठवून ठेवा. उशीर झालाय असं वाटलं तरी निघाच, थांबायचं का नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील.